बामच्या बाटलीतल्या गोळ्या

शिरूरच्या बाजारात माया रिंगणात कोसळली, तेव्हा मेथीची जुडी निवडत असलेली एक म्हातारी हातातली पिशवी टाकून धावत आली. "आरं बघता काय नुसते, कांदा फोडा कुणीतरी, पोरीला चक्कर आली!" हलगीवाल्या पोपटला वाजवणं थांबवून सांगावं लागलं, "आजी, नाटक हाय, नाटक." लोक पोट धरून हसले. डोळे मिटून पडलेली मायाही गालातल्या गालात हसली. त्या दिवशी ती हसू शकत होती, एवढं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्या हसण्यावरूनच झाला.

२००३ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. एका संस्थेनं जिल्ह्यात पथनाट्यांची स्पर्धा ठेवली होती आणि विषय दिला होता तरुणांचं मानसिक आरोग्य. विषय ऐकून निम्म्या संघांनी दारूबंदीचं जुनंच नाटक नाव बदलून आणलं. वडगाव रासाईच्या बुद्धविहारात जमणाऱ्या पोरांनी तसलं काही केलं नाही. त्यांचा म्होरक्या होता विनोद, मायाचा थोरला भाऊ. रांजणगावच्या एका कंपनीत तो कंत्राटी कामाला होता, पण त्याचा जीव सगळा भाषणात आणि नाटकात. त्यानं नवं नाटक लिहिलं: 'मनालाबी ताप येतो'. त्यात एक कॉलेजातली पोर खाणंपिणं सोडते, कोपऱ्यात बसून राहते. घरचे तिला देवऋषाकडं न्यायला निघतात. तेव्हा तिचा भाऊ आडवा येतो आणि लोकांकडं वळून विचारतो, "पाय मोडला तर दवाखान्यात जाता, मग मन मोडलं तर अंगारा का लावता? लाज कसली? लपवाछपवी कसली?" मग तो बहिणीपुढं हात करतो, "चल, मी हाय." ती हात धरते, दोघं डॉक्टरकडं जातात, नाटक संपतं. भाऊ व्हायचा विनोद आणि बहीण माया.

हे नाटक त्यानं डोक्यातून काढलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते त्यांच्याच घरात झालं होतं.

माया बारावीला होती. आधी तिची झोप उडाली, मग भूक. मग वेणी घालायचीही ताकद राहिली नाही. एकदा भीमेवर धुणं घेऊन गेली ती धुणं कोरडंच ठेवून तिन्हीसांजेपर्यंत पाण्याकडं बघत बसली. आई, जाईबाई, घाबरून गेली. आईच्या भावानं, ज्ञानदेवमामानं, कुठल्याशा देवऋषाचं नाव काढलं. एरवी हाच मामा चौदा एप्रिलला सगळ्यांच्या पुढं असायचा, पण भाचीचं असं झाल्यावर त्याचीही बुद्धी गडबडली. विनोद एकटा दारात उभा राहिला. "माझ्या बहिणीला कुणाच्या पायरीवर घुमवत ठेवायचं नाही," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मायाला मोटरसायकलवर मागं बसवून, पडू नये म्हणून तिच्या कमरेभोवतीची ओढणी आपल्या पोटाशी बांधून, तो तिला केडगावला घेऊन गेला. स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून मनाच्या आजाराच्या डॉक्टरबाई यायच्या. केसपेपरवर 'सोबत कोण' असं विचारलं होतं, तिथं त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'भाऊ, विनोद'.

बाई शांत होत्या. त्यांनी मायाचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही 'विचार करू नकोस' म्हणाल्या नाहीत. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. कमी करायच्या तेव्हा मी करीन, हळूहळू. आणि परत तसं वाटायला लागलं तर वाट बघत बसायचं नाही, इकडं यायचं." चार महिन्यांनी माया भाकरी थापताना गुणगुणायला लागली. ते ऐकून जाईबाई चुलीपुढंच रडली. मायाच्या लेखी दादा म्हणजे त्या दिवसापासून दादा उरला नव्हता, त्याहून मोठं काहीतरी झाला होता.

आता गोळ्यांचं. गोळ्यांच्या पाकिटावर नाव असतं, आणि आळीत शिकलेल्या पोरी सतराशे साठ. कुणी नाव वाचलं, कुणाच्या ओळखीचा कंपाउंडर निघाला, तर उद्या पोरीचं लग्न कसं व्हायचं, या धास्तीनं जाईबाईनं एक युक्ती काढली होती. पाकीट आलं की विनोद सगळ्या गोळ्या दाबून बाहेर काढायचा आणि डोकेदुखीच्या बामच्या रिकाम्या बाटलीत भरायचा. पाकीट चुलीत. जेवण झालं की माया फडताळातली बाटली उघडायची, एक गोळी घ्यायची. 'लपवाछपवी कसली' म्हणून बाजारात ओरडणाऱ्या माणसाच्या घरात हे चालायचं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटायचं नाही. मायालाही नाही.

शिरूरला त्यांचा दुसरा नंबर आला. दौंडला होणाऱ्या जिल्ह्याच्या अंतिम फेरीत जागा मिळाली, पण विनोदचं तोंड उतरलं. परीक्षकांपैकी एकजण जाता जाता त्याला म्हणाला होता, "संहिता पहिल्या नंबरची आहे हो. मुलगी तेवढी आजारी वाटत नाही. चांगली तुकतुकीत दिसते." म्हातारीला पटलं ते परीक्षकाला पटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बामच्या बाटलीतल्या गोळ्या थोड्या मोठ्या दिसायला लागल्या. मायानं विचारलं तर दादा म्हणाला, "कंपनी बदललीय. औषध त्येच हाय." दादा म्हणाला म्हणजे संपलं. तिनं गोळी जिभेवर ठेवली. पाटीवरच्या पेन्सिलीसारखी चव होती. लहानपणी पेन्सिली खाल्ल्याबद्दल मार खाल्ला होता, ते आठवून ती हसलीसुद्धा.

मग पौष उजाडता उजाडता ती हसायची थांबली.

पहिल्यांदा झोप गेली, मागच्यासारखीच. मग सकाळी उठून चादरीची घडी घालायची म्हटलं तरी डोंगर उचलायचा असं व्हायला लागलं. भाकरी करपली तरी कळेना. पण सगळ्यात वाईट होता तो विचार. गोळ्या चालू असताना हे परत आलंय, म्हणजे गोळ्यांचा उपयोग संपला. म्हणजे बाईंनी सांगितलेलं खोटं होतं. म्हणजे आता आपल्याला बरं करणारं जगात काही उरलं नाही. हा विचार कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण त्याच संध्याकाळी विहारासमोर उभं राहून तिला तालमीत म्हणायचं असायचं की मनाच्या आजारावर औषध आहे.

तालमीत मात्र आनंदीआनंद होता. माया कोसळली की पोरं गप्प व्हायची. तिचे डोळे आत गेले होते, आवाज खोल विहिरीतून यावा तसा यायचा. "ह्येच! ह्येच पायजे व्हतं!" विनोद मांडीवर थाप मारायचा. पोपटनं एकदा हलगी खाली ठेवली आणि म्हणाला, "इनोद, पोरगी खरंच बरी दिसत न्हाई मला." विनोद म्हणाला, "तिनं भूमिका अंगात भिनवलीय. तुला न्हाई कळायचं."

एका बुधवारी मायानं त्याला गाठलं. "दादा, मला बाईंकडं जायचंय. परत तसं व्हायला लागलंय."

"जाऊ की. पण आता दर गुरुवारी तालीम हाय, मंडळींना कंपनीची सुट्टी तवाच. दौंडचं झालं की दुसऱ्या दिवशी."

"दौंडबी गुरुवारीच हाय. दुसऱ्या दिवशी शुक्रवार असतोय."

"मग त्याच्या पुढच्या गुरुवारी. माये, इतके दिस काढलेस, आन् तीन आठवडे निघत न्हाईत व्हय?" त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ज्या माणसानं तुम्हाला एकदा पाठीशी बांधून नेलं, तो पुढच्या गुरुवारी म्हणाला तर त्याच्याशी वाद कसा घालायचा?

दौंडची फेरीही गुरुवारीच होती. सकाळी जीप यायची होती आणि घरात धांदल उडाली होती. विनोदची बायको, करुणावहिनी, सहावा महिना लागलेली, फडताळ खालीवर करत होती. "माझ्या गोळ्या कुठं जात्यात कळत न्हाई बाई. नर्सबाई महिन्याच्या देत्यात, पंधरा दिवसांत संपत्यात. मागच्या टायमाला मला बोलल्या, करुणा, शेंगदाण्यासारख्या खातीस का काय." तिनं पुडी उपडी केली. हातात दोन पांढऱ्या गोळ्या पडल्या. मधे रेघ असलेल्या, कडेला जरा खरबरीत.

मायानं त्यातली एक उचलली.

"अगं, ती कॅल्शियमची हाय, पोटुशी बायांची."

मायानं ती दातांनी फोडली. पेन्सिलीची चव. मग फडताळातली बामची बाटली काढली, त्यातली गोळी फोडली. तीच चव, तीच रेघ, तसाच जिभेवर बसणारा चुना. करुणा तिच्याकडं बघत राहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ती पाटावर बसली. "माया, म्या न्हाई केलं," एवढंच म्हणाली.

"ठावं हाय वहिनी."

बाटलीत कोण भरतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि दादाची हाक आली, "माये, चल गं, उशीर होतोय!" रोजचीच, मायेची हाक. मायाला वाटलं आपण इथंच बसावं आणि पुन्हा कधीच उठू नये. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली. आपण अडीच महिने गोळ्या घेतल्याच नाहीत. म्हणजे गोळ्या हरल्या नाहीत. बाई खोटं बोलल्या नाहीत. औषध आहे, ते अजून तिथंच आहे, केडगावात, आणि आज गुरुवार आहे. तिनं बाटली ओढणीच्या टोकात बांधली, केसपेपर पिशवीत घातला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

दौंडला मैदानाच्या मागं, रेल्वेच्या भिंतीपाशी पोरं तोंडाला रंग लावत होती. मायानं विनोदला बाजूला घेतलं आणि बाटली त्याच्यासमोर धरली.

"दादा, ह्या कसल्या गोळ्या हायेत?"

विनोदनं बाटलीकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्नच केला नाही, एवढं त्याच्या नावावर जमा करा.

"दोन-अडीच महिन्यांचाच सवाल व्हता," तो हळू आवाजात म्हणाला. "तू बरी झालीयास. मला वाटलं, आता गोळ्या नसल्या तरी चालंल. त्या गोळ्यांनी तुझं तोंड सुकतं, तू रिंगणात झोपाळल्यासारखी बोलतीस. त्यो परीक्षक काय म्हणाला ते तू ऐकलं न्हाईस. पोरगी आजारी वाटत न्हाई, म्हणाला."

"म्हंजी मी आजारी दिसावं म्हणून."

"माये, तसं न्हाई. आपल्या नाटकामुळं शिरूरच्या पोरी दवाखान्यात जायला लागल्यात. मला पत्र आलंय. एकीची तब्येत थोडी खालीवर झाली आन् शंभरजणी वाचल्या, तर ते..."

"मला का न्हाई इचारलंस?"

विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती, दादासाठी. ते दोघांनाही माहीत होतं, आणि तरी त्यानं विचारलं नव्हतं.

"मी तुला सांगत व्हते," माया म्हणाली. "त्या बुधवारी मी तुझ्याम्होरं उभं राहून सांगत व्हते, परत तसं होतंय. तुला ठावं व्हतं कशानं होतंय. आन् तू माझ्या डोस्क्यावरनं हात फिरवलास."

विनोदचा चेहरा पडला. माईकवरून नाव पुकारलं गेलं. "येवढा प्रयोग कर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच रडवेला होता. "मग तू म्हणशील ते. तुझ्या पाया पडतो."

मायानं रिंगणात पाय टाकला. का टाकला, हे तिला पुढंही नीट सांगता आलं नाही. पोरांची महिनाभराची मेहनत होती, आणि सवय होती, बस. पोपटची हलगी कडाडली. ती कोसळली, आणि आज एकही माणूस हसला नाही. मग देवऋषी आला, आई रडली, भाऊ आडवा आला. विनोद लोकांकडं वळून ओरडला, "लाज कसली? लपवाछपवी कसली?" तो मायाकडं वळला, गुडघ्यावर बसला, हात पुढं केला.

"चल. मी हाय."

मायानं त्या हाताकडं बघितलं. ह्याच हातानं ओढणीची गाठ मारली होती, आणि ह्याच हातानं बाटली भरली होती. तिनं ओढणीचं टोक सोडलं, बामची बाटली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"माझी मी जाते," ती म्हणाली.

ती उठली, भिंतीजवळची पिशवी उचलली आणि सरळ गर्दीतून चालायला लागली. गर्दीनं वाट दिली. एका बाईनं तिच्या पाठीवर थोपटलं. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मायाला तो स्टेशनच्या पुलावर चढेपर्यंत ऐकू येत होता. लोकांना वाटलं, शेवट आहे.

पॅसेंजर लागलेलीच होती. खिडकीशी बसल्यावर तिला रडू फुटलं, आणि केडगाव येईपर्यंत ती रडत राहिली. समोरच्या बाईनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. आजार परत आला याचं तिला एवढं वाटत नव्हतं. त्याच्याशी तिची ओळख होती. पण यापुढं कुणी 'मी हाय' म्हटलं तर आपण आधी त्याच्या मुठीत काय आहे ते बघणार, हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्याचंच रडू येत होतं.

दवाखान्याच्या बाकावर एक मुलगी बसली होती, सोबत मावशी. मुलगी तिच्याकडं टक लावून बघत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही शिरूरला नाटकात होता ना? बाजारात? मी सायली. तुमचं नाटक बघूनच घरी सांगितलं मी." मग जरा थांबून, मावशीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, "नाटकात म्हणतात तसं खरंच बरं वाटतं का हो? गोळ्यांनी?"

म्हणजे दादा त्या बाबतीत खरं बोलला होता. मायाला त्याचा राग दुपटीनं आला. पण समोर ही पोर होती, दोन वर्षांपूर्वी ती स्वतः होती तितकीच घाबरलेली.

"वाटतं," माया म्हणाली. "येळ लागतो, पण वाटतं. मी आज परत आलेय, कारण माझ्या बंद झाल्या व्हत्या. फकस्त एक कर. गोळ्या आपल्या हातानं घ्यायच्या, पाकिटावरचं नाव वाचून. पाकीट फोडून दुसऱ्याला भरून ठिवू द्यायचं न्हाई. कितीबी जवळचा असू दे."

बाईंनी सगळं ऐकलं. रागावल्या, पण तिच्यावर नाही. नव्यानं थोडक्यापासून गोळ्या सुरू केल्या, पुढच्या गुरुवारी परत यायला सांगितलं. केसपेपरवर 'सोबत कोण' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. "कुणी नाही लिहू?"

"माझी मी, असं लिवा," माया म्हणाली. बाईंनी तसंच लिहिलं.

ती वडापच्या जीपनं घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता आणि दारात आळी लोटली होती. पहिला नंबर आला होता. करंडक फडताळावर, बामची बाटली असायची त्याच जागी ठेवला होता. विनोद कोपऱ्यात उभा होता. त्याचे डोळे सुजलेले होते, म्हणजे रडला असणार. ती आत आल्यावर तो पुढं आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि जे बोलायला हवं होतं ते त्याच्याच्यानं बोलवेना. मग जे बोलता येत होतं ते तो बोलला.

"परीक्षक म्हणाले, शेवट लई नवा हाय. राज्याच्या फेरीला पुण्याला बोलावलंय." तो घुटमळला. "तोच शेवट ठिवायचा का गं?"

मायानं त्याच्याकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला तो फक्त सव्वीस वर्षांचा, नाटकाचं वेड असलेला एक माणूस दिसला. तिनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि करंडकाला टेकवून उभं ठेवलं, नाव पुढं करून. आळीतल्या बाया बघत होत्या. एका शिकलेल्या पोरीचे ओठ हलले, ती नाव वाचत होती. जाईबाई लगबगीनं उठली आणि दार लोटायला गेली.

"उघडं असू दे, आये," माया म्हणाली. "आन् मला पाणी दे."

तिनं पाकिटातली एक गोळी दाबून बाहेर काढली, सगळ्यांसमोर तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायली.